न वाजवलेली लड

पदवीचा कागद काढायला पेटी उघडली की बारुदीचा वास येतो. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. निकालाच्या दुपारी बाबांनी घमापुराच्या बाजारातून फटाक्यांची मोठी लड आणली, साऱ्या गल्लीला कळावं म्हणून. आधी एक सुटा फटाका वाजवला, तर आमचा कुत्रा पलंगाखाली शिरून थरथरत मुतला. बाबांनी काडेपेटी खिशात टाकली, कूलर जोरात लावला आणि कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून फरशीवर आडवे झाले. शेजारचे काका दारातून म्हणाले, "काहून जी, लड नाही लावून राहिले? पोरगी पास झाली नं खरंच?" "झाली नं. हा झोपला की पेढे घेऊन येतो." संध्याकाळी दारोदार जाऊन बाबांनी माझा निकाल हळू आवाजात सांगितला. कुत्रा आता नाही, पण पेटीतली ती लड मी अजून वाजवलेली नाही.