ब्लेड कोण फिरवतंय?

कप आधी खाली ठेवा, हसताना सांडेल. माझी फजिती ऐकायचीच आहे ना? मग ऐका, पण घरी जाऊन सांगत बसू नका. आमच्या हिनं निम्म्या गल्लीला सांगून झालंय, उरलेली निम्मी तरी माझ्याकडे राहू दे.

तर मी उचगावातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. अठरा वर्षं नटबोल्टांना नंबर देतोय. ज्या वस्तूला नंबर नाही ती वस्तूच नाही, असं माझं ठाम मत. घरी डाळीच्या डब्यांवरसुद्धा मी नंबर टाकले होते. बायकोनं ते तारेच्या घासणीनं घासून काढले, ती गोष्ट वेगळी.

मागच्या वर्षी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. दाढी कशी करावी, हे एक भरघोस दाढीवाला माणूस शिकवत होता. खरं तर तिथंच शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण तो म्हणाला, ती प्लॅस्टिकची रेझर फेका आणि आजोबांच्या काळातलं धातूचं रेझर आणा, दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड लावायचं ते. दुसऱ्याच दिवशी मी शाहूपुरीतल्या दुकानातून घेऊन आलो.

ब्लेडचा कागद उलगडला आणि बघतो तर काय, ब्लेडवर नंबर! एका धारेजवळ एक, दुसऱ्या धारेजवळ दोन. पालथं केलं तर तीन आणि चार. तुम्ही कधी बघितलेत? नाही ना? इतकी वर्षं आपण सगळे नुसते गाल खरवडत होतो.

व्हिडिओवाल्यानं खुलासा केला. कुठली बाजू वापरून झाली ते कळावं म्हणून ते आकडे. आज एक, उद्या दोन, परवा ब्लेड पालथं करून तीन, मग चार, आणि मग ब्लेड निवृत्त. दाढी झाली की ब्लेड काढायचं, धुवायचं, पुसायचं आणि पुढचा आकडा समोर आणून ठेवायचं. महिनाभर मी हे इमानेइतबारे केलं. हिला कौतुकानं दाखवायला गेलो, तर म्हणाली, "केस निघाल्याशी कारण."

आता आप्पा येतात. आप्पा म्हणजे आमचे सासरे, पेठ वडगावचे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला बाणेदार माणूस. लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, ही त्यांची जुनी रीत. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण यायचं, चहा घ्यायचा आणि संध्याकाळच्या एसटीनं परत जायचं, यात बदल नाही. मोतीबिंदू झाला तेव्हा हिनं रडून, रुसून, एक दिवस जेवण सोडून त्यांना तयार केलं. शाहूपुरीत एका डोळ्याचं ऑपरेशन, आणि तपासणी होईपर्यंत दहा दिवस मुक्काम आमच्याकडे.

आले ते स्वतःचा टॉवेल, स्वतःचा साबण आणि पाणी प्यायचा स्वतःचा पेला घेऊन.

"पावणं, तुमास्नी तरास न्हाय द्याचा," मला म्हणाले. माझ्याच घरात मला पाहुणा करणारा हा एकमेव माणूस.

हिनं मला स्वयंपाकघरात ओढून बजावलं. "धा दिवस नीट वागा. आप्पा एकदा उठून गेलं, तर परत ह्या घरात ऱ्हाणार न्हाईत. मग मी हाय आन् तुमी हायसा."

मी नीटच वागत होतो हो. उलट आप्पांना बाथरूम लवकर मोकळी मिळावी म्हणून मी माझा नियमसुद्धा बदलला. दाढीनंतर ब्लेड फिरवत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दाढीच्या आधी फिरवायचं. आणि वापरलेला आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा, म्हणजे घोळ नको.

पहिल्या दिवशी एक नंबर वापरला, लिहिला. दुसऱ्या दिवशी रेझर उघडलं. एक दिसायला पाहिजे, दिसला दोन. म्हटलं, नजरचूक असेल. पुढचा लावून तीन वापरला, तीन लिहिला. तिसऱ्या दिवशी उघडलं तर चार.

आता मला सांगा, घरात माणसं तीन. हिला मिशी नाही. उरलं कोण?

पण गंमत अशी की आप्पांची दाढी तर वाढतच होती. डॉक्टरांनी चेहऱ्याला पाणी लावायची बंदी केली होती, त्यामुळे पांढरे खुंट चांगले वर आलेले. मग हा माणूस माझ्या ब्लेडनं काढतोय तरी काय? आणि कुठलं? हा विचार मनात आला आणि माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला. ते ब्लेड मी कागदात गुंडाळून, वर आणखी एक कागद गुंडाळून टाकून दिलं, त्या दिवशी दाढी केलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी नवीन लावलं.

नव्या ब्लेडचंही तेच. रोज आकडा एक पाऊल पुढं. चोर लबाड तर होताच, वर शिस्तीचाही होता. वापरून झालं की नंबर बरोबर पुढं सरकवत होता.

पाचव्या दिवशी मी स्टोअरमधला उपाय काढला. रेझरच्या डबीला चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर आडवी सही ठोकली. सहाव्या दिवशी सकाळी बघतो तर पट्टी जागच्या जागी, सही अखंड. उघडलं तर आकडा पुढं.

दुसरा कुणी असता तर स्वतःकडं वळून बघितलं असतं. मी म्हटलं, शिंप्याचा हात आहे. चाळीस वर्षं शिवण उसवून परत तशीच घालणारा माणूस, त्याला चिकटपट्टीचं काय एवढं?

त्याच दिवशी कामावरून घरी आलो आणि दारातच थांबलो. आप्पा खुर्चीत बसलेले, काळा चष्मा लावलेला, आणि गाल एकदम चकाचक.

मी जेवताना विषय काढला. आडून आडून, हा. "आप्पा, हल्ली रोग फार वाढलेत. एकाचं ब्लेड दुसऱ्यानं वापरलं की थेट रक्तातनं पसरतात म्हणे."

"आसंल," आप्पा म्हणाले. "आमी कुणाचं काय वापरत न्हाय, पावणं."

"मी कुठं तुमचं नाव घेतलं? आज चेहरा जरा गुळगुळीत दिसला, म्हणून सहज म्हटलं."

भाकरी मोडणारा हात थांबला. आप्पा उठले, स्वतःचं ताट स्वतः घासलं आणि पालथं घालून ठेवलं.

सकाळी उठलो तर बाहेरच्या खोलीत पिशवी भरून ठेवलेली. टॉवेल, साबण, वर पेला. आप्पा चपला शोधत होते. तपासणीला अजून तीन दिवस होते.

ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "कोपऱ्यावरच्या सलूनात मीच न्हेलतं त्यास्नी काल. डॉक्टरला इचारून, डोळ्यात पाणी न जाऊ देता. चौदा वर्सांनी माझा बाप माझ्या घरात ऱ्हायला, आन् तुमी त्येला ब्लेडचोर केलासा व्हय?"

तिचे डोळे भरले होते. शहाण्या माणसानं तिथंच पाय धरले असते. पण माझ्या तोंडातून काय निघावं?

"मग ब्लेड फिरवतंय कोण?"

ही काहीतरी भयंकर बोलणार होती, पण आप्पांनी हात वर केला. पिशवी खाली ठेवली.

"ऱ्हावू दे. पावणं बरुबर बोलत्यात. ह्येचा उलगडा झाल्याबिगार मी तरी कसा जाऊ? जलमभर माझ्या नावावर ऱ्हायाचं ते. पावणं, दाढी करा. रोज करतासा तशी, आमच्या म्होरं."

मग काय, बेसिनसमोर स्टूल टाकलं. स्टुलावर आप्पा, मागं कमरेवर हात ठेवून ही. लग्नात मांडवातसुद्धा माझ्याकडं कुणी इतकं निरखून बघितलं नव्हतं.

आधी मी पट्टीवरची सही दाखवली. पट्टी फाडली. कॅलेंडरवर कालचा आकडा एक होता. रेझर उघडलं. ब्लेडवर दोन!

"बघा," मी म्हटलं. "आता मी खोटं बोलतोय का?"

"रातभर मी भायेरच्या खोलीत झोपलोय, हिकडं फिरकलो बी न्हाय," आप्पा म्हणाले. "करा म्होरं."

मी पुढचा नंबर लावला, तीन. जाऊन कॅलेंडरवर तीन लिहिला. साबण फासला, गाल झाले, हनुवटी झाली. बघणारी माणसं असली की हात जरा ऐटीत चालतो, तसा चालवला. मग ब्लेड काढलं, धुतलं, पुसलं, परत बसवलं, डबी बंद केली, पट्टी लावली, सही केली. शीळसुद्धा घातली थोडी.

"झालं?" आप्पांनी विचारलं.

"झालं. आता उद्या बघा, नंबर पुढं गेलेला असणार."

"उद्या कशाला? ब्लेड पुसल्यावर काय केलासा?"

"ठेवलं."

"कसं ठेवलं?"

"जसं होतं तसं."

"न्हाय, पावणं. पुसता पुसता फिरवून ठेवलासा. तीन हुता, चार केलासा."

"मी बी बघितलं," ही मागून म्हणाली.

मी हसलो. चिकटपट्टी फाडली, सहीसकट. रेझर उघडलं.

चार.

महिनाभर दाढीनंतर ब्लेड फिरवायची सवय लागलेली. डोक्यानं नियम बदलला होता, पण हातांना कुणी कळवलंच नव्हतं. सकाळी नियमानं एकदा फिरवत होतो आणि दाढी झाली की सवयीनं परत एकदा. चोर मी, पहारेकरी मी, आणि सहीसुद्धा माझीच. एक डोळा आठवड्यापूर्वी कापलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू, वर काळा चष्मा, अशा माणसाला जे दिसलं ते मला दोन धडधाकट डोळ्यांनी दिसलं नव्हतं.

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. कानाला साबण तसाच, मी आप्पांचे पाय धरले. माझं चुकलं म्हटलं, जाऊ नका म्हटलं. आप्पांनी पिशवीतून टॉवेल काढला. मला वाटलं, निघाले. तर त्यांनी त्या टॉवेलनं माझ्या कानाचा साबण पुसला आणि टॉवेल परत खुंटीला अडकवला.

हिचा जीव भांड्यात पडला. माझा नाही, कारण तिचं बोलायचं अजून बाकी होतं. ते पुढं चार दिवस चाललं.

दोन महिन्यांनी दुसरा डोळा करायचा ठरला. मला वाटलं, आप्पा आता धर्मशाळा बघतील. पण आले आमच्याकडेच, आणि या वेळी पिशवी हलकी. टॉवेल नाही, पेला नाही. हिनं मला डोळ्यांनीच दाखवलं आणि पदरानं नाक पुसलं. मलाही बरं वाटलं.

आप्पांनी खिशातून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. आत ब्लेडं होती, सगळी मधून मोडलेली. शिवण उसवायला शिंपी वापरतात, तसली अर्धी पाती.

"तुमच्यासाठी आणल्यात, पावणं," आप्पा म्हणाले. "एकच धार हाय. आता फिरवायचं कामच न्हाय."

ही इतकी हसली की खाली बसली. मीही हसलो. त्यातलं एक पातं उचललं, समोरचा आकडा बघितला, एक. मग हळूच पालथं केलं.

"पण आप्पा," मी म्हटलं, "मागं तीन आहे की."

आप्पा लेकीकडं वळले.

"पोरी, माझी पिशवी आण."