रोलरवाल्याची लाह

सोनगीरचा असलम रोलर चालवतो. मिसरूड फुटल्यापासून तेच. खानदेशातले कितीतरी रस्ते त्याच्या चाकाखालून गेले, पण त्यातला एकही त्याच्या बायकोने, हुस्नबानोने, पाहिलेला नाही. जेवताना तो "माझा शहाद्याचा रस्ता" म्हणाला की ती म्हणते, "तुमचा कुठला? तुम्ही फक्त इस्त्री फिरवली."

या उन्हाळ्यात तो सातपुड्याच्या पायथ्याला, आंबापाड्याच्या रस्त्यावर होता. काम नाल्यापाशी येऊन अडलं. पाइप टाकून झाले होते, दोन्ही बाजूंचा भराव राहिला होता, आणि मजूर लग्नसराईला आपापल्या गावी पांगले. ठेकेदाराचा फोन आला, "परवा रोलर नरडाण्याला पाहिजे. राहिलं ते पावसाळ्यानंतर बघू."

पावसाळ्यात नाला पाइपही ठेवणार नाही, हे असलमला दिसत होतं. रस्ता अलीकडेच राहिला असता आणि पाडा पलीकडे.

संध्याकाळी तो पाड्याच्या कारभाऱ्याच्या, रोहिदासच्या दारात गेला. "भाऊ, सकाळी चार माणसं द्या."

"चार कशाले? लाह करू. बठ्ठा येतीन."

एकाच्या कामाला साऱ्यांनी हात लावायचा ती लाह, एवढं असलमला ऐकून माहीत होतं. त्याला तेवढं पुरेसं वाटलं.

सकाळी खरंच अख्खा पाडा उतरला. फावडी, टोपल्या, मुरमाने भरलेल्या बैलगाड्या. दुपारपर्यंत अलीकडची बाजू भरून, दाबून तयार झाली. मग सगळ्यांनी हात धुतले आणि मोहाच्या सावलीत पंगत धरून बसले. पुढ्यात पळसाची पानं.

असलमने रोलर बंद केला. "जेवण कुठंय, भाऊ?"

"तेच आम्हीबी देखी ऱ्हायनूत," रोहिदास म्हणाला.

"म्हणजे?"

"ज्यानी लाह बलाई, त्यानी जेवाडानं."

"अहो, पण रस्ता तुमचा!"

"मंग काल दारशे कोन उना व्हता? मी?" रोहिदासच्या आईने, रुख्माबाईने विचारलं. "का तुना रोलर रांधी?"

पंगत हसली. पण पानासमोरून कोणी उठलं नाही, आणि पलीकडची बाजू अजून उघडी होती.

असलम जरा लांब गेला आणि त्याने घरी फोन लावला.

"किती माणसं?" हुस्नबानोने विचारलं.

"अख्खा पाडा."

"ऊन लागलं का तुम्हाला? साऱ्या गावाला दावत देऊन बसलात?"

"मी नाही दिली गं. दिली गेली."

"आणि खाऊ काय घालणार?"

"डाळ-भात चालेल."

"डाळ-भात! माझी लाज घालवता का? ठेवा फोन. भावाला टेम्पो काढायला सांगते."

तो परत आला. "माझी बायको घेऊन येतेय. पण सांज होईल, अक्का."

"येई ना?"

"येईल."

रुख्माबाईने आपलं पान दगडाखाली दाबलं आणि पदर खोचला. "उठा रे मंग."

नुसत्या शब्दावर माणसं उपाशी कामाला लागली. असलमला आपला रोलर कधी नव्हे एवढा सावकाश वाटला. काम करता करता तो सारखा रस्त्याकडे बघत होता. इतकी वर्षं हुस्नबानोला रस्ता दाखवायची त्याची इच्छा होती, ती अशी पुरी होईल असं त्याला वाटलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा पलीकडची बाजू दाबून झाली होती. टेम्पो आला आणि नाल्यापाशी थबकला. हुस्नबानोने खिडकीतून ताज्या भरावाकडे पाहिलं.

"पुलावाची देग मागे आहे. पडणार नाही ना हे?"

"माझा रस्ता आहे," असलम म्हणाला.

तिने भावाला पुढे घ्यायची खूण केली. टेम्पो पलीकडे गेला.

पुलावाचा दुसरा घास घेत रुख्माबाई असलमला म्हणाली, "सोमवारले रोहिदासनं घर शाकारानं शे. तुले लाहमा येनं पडी."

"अक्का, सोमवारी मी नरडाण्याला."

"आम्ही का इथं रिकामा व्हतूत?"

सोमवारी नरडाण्याचा रोलर जागेवरच उभा होता. ठेकेदाराचे फोन असलमच्या खिशात वाजत राहिले. तो रोहिदासच्या घरावर बसून कौलं रचत होता, आणि खाली हुस्नबानो बायकांच्या रांगेतून कौलं वर सरकवत होती.