बुवांचा माइक मी बंद केला

जपानात, ओजिमातल्या आमच्या गणपतीत बुवांचा माइक मी बंद केला. हॉलची वेळ संपली, असं कारण सांगितलं. ते खोटं होतं. ऑफिसमधली जपानी मंडळी मी हौसेने बोलावली होती आणि त्यांच्यासमोर बुवांचा तो रांगडा, टिपेचा गजर ऐकून मला लाज वाटली. भजनी बुवाला ऐन गजरात थांबवणं म्हणजे भरल्या ताटावरून उठवणं. बुवांनी पेटीचा भाता मिटला, गणपतीला नमस्कार केला आणि मुलाबरोबर जवळच्याच इचिकावाला, घरी निघून गेले.

ते कोण, हे मला नंतर कळलं. कुडाळकडच्या जत्रांमध्ये डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, गाण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तळकोकणात मान होता. पुण्या-मुंबईच्या मंचावर त्यांना कुणी बोलावलं नाही. उतारवयात मुलाकडे आले आणि नातवाला पाळणाघरात सोडू लागले.

त्याच हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्या आईला पक्षाघात झाला. वाचा गेली. घास तोंडाशी नेला की ती मान फिरवायची. डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणू लागले. थेरपिस्ट बाईंनी विचारलं, आईंना कोणतं गाणं आवडतं? पोटचा मुलगा मी, पण मला सांगता येईना. त्या दिवशी देवाकडे मी काहीच मागितलं नाही. एवढंच म्हणालो, आता तूच बघ.

इस्पितळात खाली औषधांच्या खिडकीपाशी बुवा रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला बसले होते. मी नजर चुकवली. त्यांनीच हाक मारली.

"कोण असा हय तुमचा?"

"आई. बोलत नाही."

"गाव खंयचा?"

"वेंगुर्ल्याजवळ."

"मगे चला."

खाटेशी बसून, गुडघ्यावर ठेका धरून बुवा अगदी हलक्या आवाजात गजर म्हणू लागले. आईची बोटं चादरीवर हलली. मग जड जिभेने, पण स्पष्ट, ती म्हणाली, "बुवानु, आवाज बसलो काय तुमचो?"

"वरडलंय तर नर्स माका भायर काढतली, बाये!"

आई हसली. संध्याकाळी तिने इस्पितळातली भाताची पेज घेतली. नळी लागली नाही. डॉक्टर म्हणाले, कधीकधी अशी सुधारणा होते. होत असेल. मी वाद घालत नाही. माझ्यापुरतं मला पक्कं ठाऊक आहे, की मी हात टेकले तेव्हा देव आला, आणि ज्या आवाजाची मला लाज वाटली होती त्याच आवाजातून आला. आता मी त्याला वाट दाखवायला जात नाही.

आई घरी आल्यावर मी इचिकावाला गेलो. मुलगा आणि सून समोर असतानाच बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बुवा, त्या दिवशी वेळ संपली नव्हती. मला तुमच्या गाण्याची लाज वाटली, म्हणून मी माइक बंद केला. माझं चुकलं. मला क्षमा करा."