हरणीची चाचणी

दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. हिंजवडीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बनवणारा माणूस "झालं" म्हणाला, की "नाही झालं" असं सांगायला मला तिथे बसवलेलं आहे. घरीही मी हेच करतो (तिथे पगार नाही, पण उत्साह तोच). त्यामुळे सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, कुत्रा पाळायचा विषय काढला तेव्हा मी गंभीरपणे म्हणालो, "आधी टेस्टिंग."

सुजाता वाघोलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिच्या रोजच्या वाटेवर गव्हाणेकाकूंचं घर लागतं. त्यांच्याकडे पूर्वापार कारवान कुत्री. लांब पाय, निमुळतं तोंड, आपल्या दख्खनच्या माळावर सशामागे धावणारी ही जात. पूर्वी काकूंच्या अंगणापलीकडे मोकळं रान होतं. मग आमच्यासारखे कॉम्प्युटरवाले पुण्यात आले, त्यांना फ्लॅट लागले आणि काकूंच्या घराला चारी बाजूंनी इमारतींनी वेढा घातला. कुत्र्यांना पळायला जागा उरली नाही, म्हणून काकूंनी एकेक कुत्रा चांगलं घर पाहून दिला. शेवटची हरणी उरली होती.

"मला ती हवी आहे," सुजाता म्हणाली. "दीड वर्ष झालं, मी तिला रोज भेटते."

"शिकारी कुत्रा फ्लॅटमध्ये? त्यापेक्षा लॅब्रॅडॉर घेऊ. आमच्या ऑफिसात बहुतेकांकडे आहे."

"तुझ्या ऑफिसात बहुतेकांना पाठदुखीही आहे."

बाबांनी पेपर खाली केला. बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात होते. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे धायरीला असतात. "काहून रे," ते म्हणाले, "एवढ्या चौकशीत आमच्या खात्यानं धरण बांधलं असतं." खात्याचा वेग सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे मला हे जरा लागलं.

शेवटी तडजोड झाली. हरणीला एक रविवार घरी आणायचं, मी तिची चाचणी घ्यायची आणि निकाल सांगायचा. मी काकूंना भीत भीत फोन केला. त्या लगेच म्हणाल्या, "न्या की. सांजच्याला मीच येते तिकडं." त्या इतक्या सहज का तयार झाल्या, याची चौकशी मी केली नाही. टेस्टर म्हणून ती माझी पहिली चूक.

रविवारी सुजाताने हरणीला गाडीतून आणलं. ती खाली उतरली आणि आमचा वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला. (सोसायटीच्या चेअरमनसाठी तो कधी उठलेला नाही.) वाळूच्या रंगाची, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर आणि मधासारखे डोळे. इकडे तिकडे न बघता ती लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली, जणू मजला तिला माहीत होता.

शेजारचे लेलेकाका दारातच होते. "आजारी आहे वाटतं. बरगड्या दिसतायत."

"धावणाऱ्याच्या दिसतात," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आमच्या प्रशांतच्या शेवटच्या पाहिल्या त्या लग्नाच्या फोटोत."

मी चाचणी सुरू केली. बेल वाजवली. कुकरच्या शिट्ट्या होऊ दिल्या. मिक्सर रिकामाच फिरवला. हरणी सोफ्यावर मान टेकून पडली होती, ढिम्म हलली नाही. ती भुंकते तरी का, हे पाहायला शेवटी मी स्वतः भुंकलो. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग बराच वेळ सुजाताकडे पाहत राहिली. त्या नजरेत सहानुभूती होती.

"आळशी आहे," मी निकाल दिला. "फ्लॅटला योग्य. आता फक्त फिरवून आणतो."

"मी येते. पट्टा हातात नीट गुंडाळून धरावा लागतो," सुजाता म्हणाली.

"आळशी कुत्र्याला दोन माणसं कशाला?" मी म्हणालो आणि एकटा निघालो.

आमच्या मागच्या मैदानावर ज्येष्ठ नागरिकांचा हास्यक्लब संध्याकाळी भरतो (खडकवासला धरण एवढं जवळ असूनही सकाळी सगळे पाणी भरण्यात गुंतलेले असतात). ते हात वर करून हसत होते आणि हरणी शहाण्यासारखी माझ्या बाजूने चालत होती. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. एका हातात फोन आणि दुसऱ्या हाताने बोलायची मला सवय. म्हणून मी पट्ट्याचं टोक माझ्या पॅंटच्या बेल्टमध्ये ओवून पक्की गाठ मारली. ही कल्पना सुचल्याचं मला कौतुकही वाटलं.

साहेब म्हणाले, "काम पुढे सरकतंय ना?"

त्याच क्षणी समोरून प्लॅस्टिकची पांढरी पिशवी वाऱ्यावर उडाली.

"फार वेगाने सरकतंय, सर," मी म्हणालो, कारण तेव्हा मी हास्यक्लबच्या पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत शिरत होतो.

"थांबू नका."

"थांबता येत नाहीये, सर."

ज्येष्ठ नागरिक दोन्ही बाजूंना पांगले. इतकी वर्षं खोटं हसून कंटाळलेल्या त्या मंडळींना त्या दिवशी पहिल्यांदा खरं हसू आलं. एक आजी तर खालीच बसल्या. मग बेल्टचं बक्कल तुटलं, बेल्ट हरणीबरोबर गेला आणि मी पॅंट धरून जागच्या जागी उभा राहिलो.

आणि मग मी तिला पळताना पाहिलं. असं काही मी आजवर पाहिलं नव्हतं. ती जमिनीला टेकत होती की नाही, कळत नव्हतं. आखडायची, सुटायची, पुन्हा आखडायची, आणि आवाज कसला तो नाही. सगळा हास्यक्लब गप्प झाला. "काय सुंदर आहे हो," त्या खाली बसलेल्या आजी म्हणाल्या. फोनवर साहेब बोलतच होते, मी ऐकत नव्हतो. पिशवी एका इमारतीमागे गेली, तिच्यामागे हरणी गेली, आणि मैदान रिकामं झालं.

मग कुठे मला कळलं. काकूंची शेवटची कुत्री मी हरवली होती, आणि काकू यायला निघाल्या होत्या. मी एका हाताने पॅंट धरून गल्लोगल्ली "हरणी, हरणी" करत पळालो. एका वडापाववाल्याला विचारलं, "पट्टा लावलेलं कुत्रं गेलं का इकडून?"

"गेलं. त्याच्या पट्ट्याला बेल्ट होता." त्याने माझ्या पॅंटकडे पाहिलं. "तुमचाच दिसतोय."

अंधारू लागलं तेव्हा सुजाताचा फोन आला. "काकू आल्यात. घरी ये." पुढचं ऐकायची हिंमत नव्हती, मी फोन कापला. पाच मजले मी जिन्याने चढलो. क्षमा कशी मागायची, ते जुळवायला तेवढाच वेळ मिळणार होता.

दार उघडंच होतं. हरणी सोफ्यावर मान टेकून पडली होती. शेजारी गव्हाणेकाकू पोहे खात होत्या. टीपॉयवर माझा बेल्ट नीट गुंडाळून ठेवला होता.

"केव्हाची आली," बाबा म्हणाले. "दारावर पंजा मारला. बेल्ट आला म्हटलं, माणूसही येईल मागून."

काकूंनी मला डोक्यापासून पॅंट धरलेल्या हातापर्यंत पाहिलं. "टेस्ट घेणारे ते ह्येच का?"

मी मान हलवली.

"साहेब, कुत्रं तुमी बघावं म्हून न्हाय पाठवलं मी. तुमचं घर तिला बघाया पाठवलं. आधीची समदी अशीच दिली, एक दिस ठिवून. दोन घरांतनं ही पळून माझ्याकडं परत आली." हरणीच्या कानामागे त्यांची बोटं फिरत होती. "आज सुटली, तर हितं आली. म्हंजे तिचं ठरलं." त्यांचा आवाज कापला. सुजाताने त्यांचा हात धरला. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला, उलटा.

मी धीर करून विचारलं, "मग आम्ही पास?"

"पोरगी पास. बाबा पास." काकूंनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "ह्यांना सध्या ठिवून बघू."

हरणी राहिली. रोज पहाटे मी तिच्यामागे मैदानभर पळतो, पट्टा हातात गुंडाळून. काकू अधूनमधून तिला भेटायला येतात, तिला कुरवाळतात, पोहे खातात आणि निघताना दारात सुजाताला हळूच विचारतात, "ह्ये कसं हायत?"

"प्रगती आहे," सुजाता सांगते.

कंपनीने मला सहा महिन्यांत कायम केलं होतं. घरी माझं प्रोबेशन अजून चालू आहे.