पाहुण्यासाठी गाळलेलं पाणी

तुमच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतोय आणि कागद म्हणतो की ते शुद्ध आहे, तर तुम्ही नाकावर विश्वास ठेवाल की कागदावर?

शहापूरहून मुरबाडकडे जाताना आमचं गाव लागतं. रस्त्याला लागून पेट्रोल पंप, उताराला आमची वस्ती आणि वस्तीची एकुलती एक विहीर. गेल्या उन्हाळ्यात पाण्यावर रंगीत तवंग दिसू लागला. भाताला वास, धुतलेल्या कपड्यांना वास. आम्ही अर्ज केले, पत्रकं छापून बाजारात वाटली, तेव्हा कुठे पिण्यासाठी टँकर सुरू झाला आणि पंपाच्या तेल कंपनीने पाणी तपासायला माणूस पाठवला.

पंपाच्या आवारात जमिनीत खोल पाइप उतरवलेले आहेत, वर लोखंडी झाकणं. टाकी गळून खालच्या पाण्यात पेट्रोल उतरलं तर या पाइपांतून कळावं म्हणून. त्या दिवशी नेमका वस्तीच्या बाजूच्या झाकणावर ट्रक उभा. मॅनेजर म्हणाला, ड्रायव्हर जेवायला गेलाय. ट्रक हलवा म्हणून मी त्याच्याशी भांडत राहिले. तपासणारा मात्र थांबला नाही, बाटल्या घेऊन सरळ विहिरीकडे उतरला.

विहिरीवर आई होती. नमुना काढायचं त्याचं नळकांडं गाडीतच राहिलं होतं आणि उन्हात पुन्हा चढ चढायची त्याची तयारी नव्हती. तो आईलाच म्हणाला, मावशी, जरा पाणी काढून द्या. आईने आयुष्यभर काढलं तसंच काढलं. बादलीच्या बुडाने तवंग बाजूला सारला. पहिली बादली ओतून टाकली. दुसरी खोल बुडवली आणि दुहेरी फडक्यातून गाळून त्याच्या बाटल्या भरून दिल्या. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. जे तपासायचं होतं तेच तिने दूर सारलं, आणि ज्याला त्याचाच पगार मिळतो तो माणूस कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

मी पोचले तेव्हा बाटल्यांना सील लागत होतं. हे ओतून टाका, वरचं पाणी घ्या, असं मी सांगितलं. तो हसला.

"ताई, पाणी तुमच्याच विहिरीचं, हात तुमच्याच आईचे. आता अजून काय पाहिजे?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "वरचा घान पानी देऊ काय गो त्यांला? दारात आलेल्या मानसाला तसला कोन देतंय?"

अहवाल आला: पाणी पिण्यायोग्य. त्याच आठवड्यात टँकर बंद झाला. आता विहिरीवर बायका आईला ऐकवतात, "या, पावन्याचा पानी भरा." वस्तीची पोरं तेच पाणी पितात आणि सगळ्याजणी पाणी भरून गेल्यावरच आई हंडा उचलते. मला याचा संताप येतो. पेट्रोल गळलं पंपाचं, कंटाळा केला तपासणाऱ्याने, आणि मान खाली घालायची माझ्या आईने? तिला कोणी सांगितलं होतं का, की आज पाणी जसं आहे तसंच दाखवायचंय?

फेरतपासणीचा अर्ज मी दिला आहे. तुमच्याही गावात पंप असेल आणि कोणी बाटल्या घेऊन विहिरीवर आलं, तर त्याला चहा द्या, पण बादलीला हात लावू नका. त्याचं त्याला वाकू द्या, अगदी वरचं पाणी घेऊ द्या. आणि पंपावरचं प्रत्येक झाकण तुमच्या डोळ्यांदेखत उघडल्याशिवाय कुठल्याही कागदावर सही करू नका.