पायलट इंजिनाची सलामी

डोमाजीकाका पलटणीच्या बँडात एकोणीस वर्षं कॉर्नेट वाजवून मूर्तिजापूरला परतले आणि आमच्या लग्नाच्या बँडाचे मास्तर झाले. आल्याआल्या त्यांनी आम्हाला रांगेत चालायला शिकवलं. मी ढोल वाजवायचो आणि भाजी विकायचो. दोन्हींत त्यांना माझ्या चुका दिसायच्या.

त्यांच्या मनात एकच सल होता. पलटणीत ते मागच्या रांगेत असायचे. सलामी वाजली की साहेब उलट सॅल्यूट करायचे, पण तो पुढच्या सुभेदाराला. "वाजवणाऱ्याकडे पाहून कोन्या सायबानं हात नाही उचलला," काका म्हणायचे. "परत नाही आली त सलामी कायची? नुसती फुकाफुकी."

एकसष्ट साली कळलं, की कुठल्याशा देशाचे राष्ट्राध्यक्ष खास गाडीनं जाणार आणि गाडी आमच्या स्टेशनात दोन मिनिटं थांबणार. देश कोणता, हे नगराध्यक्षांनाही नीट सांगता येईना. बँड मात्र ठरला. काकांनी दीड महिना आमच्याकडून सलामीची धून घोटून घेतली. त्यापायी दोन वराती बिनवाजंत्रीच्या गेल्या.

त्या दुपारी काका पहिल्यांदाच रांगेच्या पुढे उभे होते. तेवढ्यात स्टेशनमास्तर आले. "गाडी थांबणार नाही. पाहुणे झोपलेत. त्यांची गाडी जाताना अजिबात वाजवायचं नाही."

मला इतका राग आला, की ढोल तिथंच टाकून दुकान गाठावं वाटलं. काका शांत होते.

"अन् पायलट?" त्यांनी विचारलं. खास गाडीच्या आधी, रूळ ठीक आहेत का ते पाहायला, एक सुटं इंजिन सोडतात, ते पायलट.

"त्याचं काय?"

"त्यातले झोपले नसतीन."

स्टेशनमास्तर हसून निघून गेले. त्यांना तो विनोद वाटला.

पायलट इंजिन हळूहळू फलाटाशी आलं. काकांनी हात वर केला आणि आम्ही वाजवलं, सगळं, एक सूर न गाळता. कोळसा टाकणारा फायरमन चमकला. आपल्यामागे कोणी साहेब आहे का, हे त्यानं वळून पाहिलं. कोणी नव्हतं. मग त्यानं फावडं ठेवलं, हात पँटीला पुसला आणि काकांकडे पाहत कडक सॅल्यूट ठोकला. फलाट संपेपर्यंत तो काळा हात खाली आला नाही.

काकांचे दोन्ही हात कॉर्नेटवर होते, त्यामुळे डोळे पुसायची सोय नव्हती.

पंधरा मिनिटांनी खास गाडी गेली. सगळ्या खिडक्या बंद होत्या. हुकमाप्रमाणे आम्ही गप्प उभे राहिलो.

स्टेशनमास्तरांनी लेखी खुलासा मागितला. काकांनी तो स्वतःच्या हातानं लिहिला आणि पोचवायला माझ्याकडे दिला. मी वाटेत वाचला.

"हुकूम पाहुण्यांच्या गाडीपुरता होता. पायलट इंजिनास सलामी दिली. सलामी परत मिळाली. कळावे."