कानबाईच्या गव्हाची मूठ

“तो कोनंच आयकत नही. पोर बोली ते आयकी. पन ती घुमी शे, ती काय बोली?”

स्वयंपाकघरात अक्का माझ्या आईला सांगत होत्या. तो म्हणजे माझे पप्पा, सगळे त्यांना नाना म्हणतात; आणि जी बोलली तर तो ऐकेल ती घुमी पोर म्हणजे मी. अक्का त्यांच्या थोरल्या वहिनी, धुळ्यातलं हे घर त्यांचंच. मी दाराआड पितळी डबा पुसत उभी होते. अक्कांना मी ऐकते आहे हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्यांनी तेच म्हटलं असतं.  सकाळीच दवाखान्यात आईला पप्पांच्या उशीच्या अभ्र्यात एक सिगारेट सापडली होती. तिने ती कचऱ्यात टाकली होती, आणि घरी आल्यावर रडली होती.

आम्ही जळगावचे. पप्पा पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर. कामासाठी धुळ्याला आले असताना स्टँडवर त्यांच्या छातीत कळ आली. मोठ्या काकांनी, अक्कांच्या यजमानांनी, त्यांना एका खासगी दवाखान्यात दाखल केलं. मी आणि आई मिळेल त्या एस.टी.ने धुळ्याला आलो. पारोळ्यापर्यंत आईने माझा हात सोडला नव्हता. आता धोका टळला होता, वॉर्डात हिंडायची परवानगी मिळाली होती, आणि त्याबरोबर सिगारेटही परत आली होती.

डॉक्टर समजावत होते तेव्हा मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. पप्पा नेहमीच्या थट्टेच्या सुरात म्हणाले, “धूर फुप्फुसात जातो, मान्य. हृदयाने काय घोडं मारलंय?” डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “धूर फुप्फुसात थांबत नाही, नाना. त्यातलं विष रक्तात उतरतं. चुलीचा धूर डोळ्यात गेला की डोळा लाल होतो, सुजतो ना? रक्तवाहिनीचं आतलं अस्तर तसंच सुजतं. तुम्ही ती सूज रोज नव्याने आणता. सुजल्या जागी चरबी धरते, एक दिवस तिथं चीर पडते आणि रक्ताची गाठ बसते. दुखत नाही म्हणून कळत नाही, इतकंच.” पप्पांनी विचारलं, “आणि सोडली तर?” “सूज उतरायला लागेल. झालेलं सगळं पुसलं जाईल असं सांगत नाही. पुढचं वाचेल.”

शाळेत मी इन्फ्लमेशनची, म्हणजे याच सुजेची, व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हटली होती. लाली, उष्णता, सूज, वेदना. त्याच गोष्टीबद्दल स्वतःच्या वडिलांना मराठीत एक वाक्य मात्र मला सांगता येत नव्हतं. शिवाय त्यांच्या सिगारेटवर माझा रागही नव्हता, हे कबूल केलं पाहिजे. लहानपणी पाकिटातला चांदीचा कागद ते मला द्यायचे. मी त्याच्या वाट्या करून भातुकलीत मांडायची. त्यांच्या शर्टाचा वास, साबण आणि तंबाखू मिळून झालेला, हाच माझ्यासाठी घराचा वास होता. स्कूटरवर पुढे उभी राहून मी तो वास घेत शाळेत जायची.

ते श्रावणातले कानबाईचे दिवस होते; खानदेशातली ही देवी तेव्हा घरोघर बसते. आमच्याकडे तिच्या नैवेद्याच्या रोटासाठी घरातला प्रत्येक पुरुष स्वतःच्या हाताने सव्वा मूठ गहू घालतो. ते दळायला जातात, आणि त्या दिवशी गिरणीवालाही आधी गिरणी धुऊन घेतो. मुलींची मूठ मोजत नाहीत. पण पप्पा दरवर्षी माझी मूठ आपल्या मुठीत घ्यायचे आणि दोघांची मिळून एकच घालायचे. अक्का ओरडायच्या, “नाना, हाई काय नवं काढं?” पप्पा म्हणायचे, “कानबाईला चालतं, तुम्हालाच चालत नाही.” पुढे मोठी झाले, इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणी नारळाला नथ घालून मांडलेल्या देवीला हसल्या, आणि मी गव्हाजवळ जाणं सोडलं. देवीवर विश्वास आहे की नाही, हे मी स्वतःलाही विचारत नव्हते.

त्या वर्षी काका म्हणाले, “नानाची मूठ मी घालतो.” अक्कांनी साफ नकार दिला. माणूस जिवंत असताना त्याची मूठ दुसऱ्याने घालायची नाही. म्हणून पप्पांनी दवाखान्यातच आपली मूठ घालावी यासाठी तो पितळी डबा गव्हाने भरून माझ्या हातात दिला गेला.

दुपारी दवाखान्यात पोहोचले तेव्हा पप्पा वॉर्डात नव्हते. मागच्या व्हरांड्यात, जिन्याच्या आडोशाला उभे होते. ओठात सिगारेट, हातात माचीस. त्यांची पाठ माझ्याकडे होती आणि पायजमा कमरेवर सैल झाला होता. एवढी बारीक झालेली ती पाठ मी पहिल्यांदाच बघत होते. हाक मारायला पुढे झाले आणि तिथेच थांबले. मी डबा छातीशी धरला आणि मनात म्हटलं, कानबाई, मला त्यांना सांगायला जमत नाही, तूच बघ. मागितलं म्हणावं असं माझ्या आयुष्यातलं ते पहिलंच मागणं.

तेवढ्यात माझ्या बाजूने एक म्हातारी पुढे गेली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात पणती. थेट पप्पांसमोर जाऊन म्हणाली, “भाऊ, माचीस शे का? दिवा लावना शे.” पप्पा दचकले. सिगारेट ओठातून काढून त्यांनी मुठीत लपवली आणि निमूट माचीस दिली. परत येताना ती माझ्यापाशी थांबली, डब्यात बघितलं. “कानबाईना गहू शेतस का, माय?” मी मान हलवली. तिने डब्याला हात जोडले आणि आवारातल्या छोट्या देवळाकडे निघून गेली.

पप्पा माचीसची वाट बघत राहिले. ती परत आली नाही. मग त्यांना मी दिसले. ओशाळं हसून म्हणाले, “म्हातारी माचीस घेऊन पसार झाली बघ.” सिगारेट खिशात ठेवून त्यांनी गव्हासाठी हात पुढे केला. दोन बोटांची टोकं पिवळी पडली होती. मला एकदम धुतलेली गिरणी आठवली, ओल्या पिठाचा वास आला, आणि काय म्हणायचं ते सुचलं.

नंतर आईने त्या म्हातारीला वॉर्डांत शोधलं. ती कोणाची कोण, कोणालाच सांगता आलं नाही. देवळात पणती तेवत होती. असेल कुणाची तरी नातेवाईक. मी त्यावर वाद घालत नाही. पप्पांनी त्याच दिवशी खिशातली ती सिगारेट मोडून टाकली. पुढचे महिने सोपे नव्हते. ते चिडायचे, वेलदोडे चघळायचे, अंगणात येरझाऱ्या घालायचे. पण व्यसन तुटलं ते तुटलंच. त्यांच्या शर्टाला आता नुसता साबणाचा वास येतो. कधीकधी मला तो जुना वास आठवतो आणि त्या आठवणीबद्दलही मी देवीचे आभार मानते, कारण आठवण काढायला समोर माणूस आहे. तेव्हापासून मला वाटतं, आपल्याला जमत नाही हे मनापासून सांगता येणं, एवढंच आपल्या हाती असतं. वाट कोण मोकळी करतं, हे विचारायची मला गरज वाटत नाही.

त्या दुपारी मी डबा मागे घेतला, त्यांच्या डोळ्यांत बघितलं, आणि व्हरांड्यातल्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले,

“पप्पा, आधी हात धुवा. पुढच्या वर्षी मला तुमच्या मुठीत माझी मूठ घालायची आहे.”